साडेचौतीस तासांचा बुधवार

तिकिटाची तारीख कळल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, तो ना व्हिसाचा होता ना सामानाचा. “त्या दिवशी संकष्टी आहे की गं,” त्या म्हणाल्या, “सोडणार कुठं?”

मी पंचांग काढलं. बुधवार, १० सप्टेंबर २०२५. भाद्रपद वद्य, म्हणजे वरून पितृपंधरवडा. या पंधरवड्यात लांबच्या प्रवासाला निघू नये म्हणणारी माणसं आमच्याही घरात आहेत, पण लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाळ काही पंधरवडा बघून येत नाही, त्यामुळं तो विषय कुणी ताणला नाही. संकष्टीचा मात्र तसाच राहिला. लग्नानंतर सासूबाईंनी लावलेली संकष्टी मी छत्तीस वर्षं धरली आहे. तापात धरली, निवडणुकीच्या ड्युटीवर धरली. विमानात धरायला काही अडचण नव्हती. अडचण सोडायची होती.

मी शाळेत भूगोल शिकवायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत, एकतीस वर्षं. पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. सोलापूर साधारण ७६ पूर्व रेखांशावर, आपल्या प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशीवर. फरक साडेसहा अंशांचा, गुणिले ४, म्हणजे २६ मिनिटं. म्हणून शाळेच्या घड्याळात बारा वाजले तरी मैदानात रोवलेल्या काठीची सावली सगळ्यात आखूड व्हायला अजून अवकाश असतो. मुलं काठीभोवती कोंडाळं करून उभी राहायची आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, “बाई, मग आपलं घड्याळ खोटं का?”

आता बाईंचाच पेपर होता. मुंबई, अबू धाबी, शिकागो आणि तिथून आयोवा राज्यातलं डे मॉइन. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. मुंबईत मध्यरात्री सुरू होणारा माझा बुधवार डे मॉइनच्या मध्यरात्री संपणार. २४ अधिक साडेदहा. सोलापुरात चंद्रोदय रात्री सव्वाआठ-साडेआठला, तेव्हा मी अटलांटिकच्या उत्तर टोकाला कुठंतरी भर दुपारी. डे मॉइनचा चंद्र तिथल्या रात्री पावणेनऊच्या पुढंमागं, तेव्हा आपल्याकडं गुरुवारची सकाळ.

“मग चतुर्थी राहील का तोवर?” ह्यांनी विचारलं. ह्यांना असले प्रश्न बरोबर सुचतात.

राहणार होती. तिथी काही घड्याळावर चालत नाही. चंद्र सूर्याच्या किती अंश पुढं गेला त्यावर ती ठरते, दर १२ अंशांना एक, आणि तो कोन साऱ्या जगाला एका क्षणी एकच असतो. चतुर्थी आपल्या गुरुवारी दुपारी पाऊणपर्यंत होती, म्हणजे शास्त्र माझ्या बाजूनं होतं. तरी मी म्हटलं, सोलापूरच्याच चंद्रोदयाला विमानात सोडून टाकली तर? हे म्हणाले, “दाते पंचांग आपल्याच गावचं आहे, जाऊन विचारून ये.” गेले नाही. निकाल सासूबाईंनीच दिला. वय शहाऐंशी, शिक्षण चौथी. “चंद्र दिसल्याशिवाय कसली सोडतीस?”

ढगाळ असलं की आपण छापील वेळेवरच सोडतो, हे मी बोलले नाही. आधल्या रविवारी खग्रास चंद्रग्रहण होतं, ते आम्ही गच्चीवरून ढगांच्या फटीतून तुकड्यातुकड्यानंच बघितलं होतं. सासूबाई अर्थातच खाली पाणीही न पिता जप करत बसलेल्या.

सामानाचं फार सांगत नाही. ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांच्या घरी हे महाभारत होऊन गेलेलंच असतं. २३-२३ किलोच्या दोन बॅगा. डिंकाचे लाडू, मेतकूट, सासूबाईंच्या जुन्या इरकलीची शिवलेली दुपटी, एक चादर. लेकीनं कढीपत्ता मागितला होता, तो नेला नाही. लिंबा-संत्र्याच्या झाडांना लागणारी कीड त्याच्यावरून जाते म्हणून ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत.

पण कडक भाकरीशिवाय येऊ नकोस, असं तिनं दोनदा सांगितलं होतं. सोलापूरच्या बाहेरच्यांना ही भाकरी समजावून सांगावी लागते. ज्वारीची भाकरी हातानं होईल तेवढी पातळ थापायची, एरवीसारखी भाजायची आणि मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी घालवायचं. पापडासारखी वाजली की झाली. महिना-दोन महिने तिला काही होत नाही, एवढंच की धक्का सहन होत नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई करतात, त्यांच्याकडून पंचवीस घेतल्या, गोल स्टीलच्या डब्यात वर-खाली रुमाल घालून बसवल्या आणि डबा हातातल्या बॅगेत ठेवला. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकला असता तर लेकीला नुसता भुगा मिळाला असता.

मंगळवारी सकाळी सहा पाचच्या वंदे भारतनं निघाले. आमच्या गावात आता विमानतळ आहे, बरं का. होटगी रोडवरचा. त्याच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. म्हणजे सप्टेंबरात मला सोलापुरातून उडून गोव्याला जाता आलं असतं, मुंबईला नाही. मुंबईचं सुरू झालं १५ ऑक्टोबरला. तेव्हा मी आयोवात दुपटी धूत होते.

हे स्टेशनवर आले होते. सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही म्हणून ह्यांना पुढं येता आलं नाही, आणि म्हणूनच मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब एकटी निघाले होते. अशा वेळी बोलायचं काय? मी म्हटलं, “गुरुवारी पाणी येईल. पिंप घासून ठेवा. पहाटेच येतं हल्ली, झोपून राहू नका.” हे म्हणाले, “हो.” गाडी सुटेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावातली माणसं निरोपसुद्धा पाण्याचाच देतात.

डोंबिवलीला नणंदेकडं भाच्यानं बॅगा वजनकाट्यावर ठेवल्या. एक २३ किलो ८०० ग्रॅम. त्यातली शेंगाचटणीची अर्ध्या अर्ध्या किलोची दोन पाकिटं काढून हातातल्या बॅगेत टाकली. ही चूक होती, पण ती अबू धाबीला कळायची होती. वन्सं म्हणाल्या, “बाराच्या आत जेवून घे, मग तुझा बुधवार लागतो.” पावणेबाराला शेवटचा घास घेतला.

व्हीलचेअर हा लेकीचा हट्ट. “आई, तुला चालता येतं हे मला माहितीये. पण ती खुर्ची चालण्यासाठी नसते, चुकू नये म्हणून असते.” मी बरंच भांडले होते. रोज पहाटे कंबर तलावापर्यंत जाऊन येणारी बाई मी. पण तिनं तिकिटातच घालून टाकलं होतं.

मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये, रात्री दीड वाजता, भिंतीकडेला अशा पंधरा-सोळा खुर्च्या ओळीनं लावलेल्या. एक नऊवारी, बाकी पाचवारी नाहीतर पंजाबी ड्रेस, दोन-तीन धोतरं, आणि झाडून सगळ्यांच्या पायांत मुलांनी पाठवलेले पांढरेशुभ्र बूट. प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची फाइल, दोन्ही हातांनी धरलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दवाखान्यात नंबराची वाट बघतात तसे सगळे समोर बघत बसले होते. त्या ओळीत बसताना मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. खुर्ची ढकलणारा पोरगा माझ्या शेवटच्या दहावीच्या बॅचच्या वयाचा.

“मावशी, पाय पट्टीवर घ्या.”

“अरे, मला चालता येतं.”

“माहितीये. इथं निम्म्यांना येतं.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “अमेरिका, कॅनडाला खुर्च्या जास्त लागतात. भाषेचं टेन्शन असतं ना. मला कोणी तिकडं एकट्याला सोडलं तर मी पण खुर्चीच मागीन.”

मग मी गप्प बसले. मोठ्या भिंतीवर देशभरची कोरीव कामं, मुखवटे, झरोके लावलेत, ते माझ्या शेजारून भराभरा सरकत गेले. चालत असते तर थांबून बघितलं असतं. पासपोर्टच्या खिडकीशी त्यानं विचारलं, “काही खाऊन घेणार का?” संकष्टी आहे म्हटल्यावर, “आईची पण असते,” म्हणाला. त्याला राजगिऱ्याचा एक लाडू दिला. त्यानं तो युनिफॉर्मच्या खिशात ठेवला आणि पुढच्या खुर्चीकडं पळाला.

साडेतीनचं विमान. सव्वातीन तासांनी अबू धाबीत उतरले तेव्हा घड्याळ दीड तास मागं आलेलं आणि बाहेर अजून अंधार. सहाच्या जरा पुढं टर्मिनलच्या काचेतून सूर्य वर आला, धुरकट, वाळूच्या रंगाचा. मी वेळ वहीत टिपली. सवय.

अबू धाबीची गंमत अशी की अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्सवाले २०१४ पासून तिथंच बसतात. सगळी चौकशी तिथं उरकायची आणि शिकागोला उतरायचं ते आतल्या आत प्रवास करून आल्यासारखं. त्याआधी सुरक्षा तपासणी अमेरिकेच्या नियमानं होते, आणि त्या नियमात हातातल्या बॅगेतली पावडर ३५० मिलिलिटरच्या वर असली की ती वेगळी काढून तपासतात.

माझ्याकडं एक किलो चटणी.

त्याहून वाईट म्हणजे, ती पावडर आहे की नाही इथूनच सुरुवात. सोलापूरची शेंगाचटणी मिक्सरवरची कोरडी चटणी नव्हे. शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ एकत्र कुटायचं, दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं. बोटांनी दाबली की गोळा झाला पाहिजे, सोडली की सुटला पाहिजे. याच तेलाची आम्ही आयुष्यभर फुशारकी मारतो. आणि हातातल्या बॅगेत पातळ किंवा लगद्यासारखा पदार्थ १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. पीनट बटर त्यात धरतात, हे लेकीनं मागं कधीतरी सांगितलेलं मला नेमकं त्याच क्षणी आठवलं. निळे हातमोजे घातलेल्या बाईंनी पाकीट उचललं, उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं दाबलं. गोळा झाला. माझ्या पोटातही.

“पेस्ट?”

“नो, नो. पावडर. पीनट.”

त्यांनी परत दाबलं, मग पाकीट हलवलं. गोळा फुटला आणि चटणी मोकळी होऊन खाली घसरली. कुटणारीच्या हाताला मनातल्या मनात नमस्कार केला. मग त्यांनी कापडाची एक पट्टी पाकिटावरून फिरवून यंत्रात घातली, दुसरी बॅगेच्या आतून फिरवली. यंत्र काही बोललं नाही. आता डबा. पडद्यावर तो मी पण बघितला होता. पंचवीस चकत्या एकीवर एक, मधे बारीक फटी, एखाद्या यंत्राचा भाग असावा तशा. झाकण उघडून त्यांनी एका बोटानं वरची भाकरी वाजवली. टक् टक्. शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यानंही वाजवली.

“ब्रेड,” मी म्हटलं. “ड्राय. व्हेरी ड्राय.”

“हाऊ ओल्ड?” त्यानं विचारलं.

“फोर डेज,” म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही असं दिसलं, पण डबा त्यानं दोन्ही हातांनी, अगदी अलगद परत केला. इमिग्रेशनच्या खिडकीवर बोटांचे ठसे तिसऱ्या खेपेला उमटले. एकतीस वर्षं खडू धरल्यावर बोटांवर काय राहणार? खाण्याचं काय आहे हे तिथं पुन्हा विचारलं. पाठ झालेलं म्हणून टाकलं.

दहाच्या विमानात डावीकडची खिडकी. शेजारी करीमनगरच्या एक आजी, शिकागोला मुलाकडं निघालेल्या. हिंदी जेमतेम, इंग्रजी नाही. त्यांनी बसल्या बसल्या आपल्याशीच तेलुगूत काहीतरी पुटपुटलं आणि मला हसू आलं, कारण मला ते कळलं होतं. माझ्या शाळेतली निम्मी मुलं पद्मशाली विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. एकतीस वर्षांत मला बोलता आलं नाही फारसं, पण “गृहपाठ का केला नाही” याची सगळी उत्तरं तेलुगूत समजतात. आजींनी पिशवीतून तांदळाच्या पिठाची चेक्कलु काढून पुढं केली. “ई रोजु उपवासम्,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं वळून नीट बघितलं. “संकटहर चतुर्थी?” मग पंधरा तास आमची तेलुगू, हिंदी आणि खुणा यांची मिसळ चालू राहिली. दर तासाला त्या विचारायच्या, “इंका एंत सेपु?” अजून किती वेळ? मी पडद्याकडं बघून बोटं दाखवायची. तेरा. बारा. अकरा.

जेवणाची एक सूचना, जाणाऱ्यांसाठी. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत ‘हिंदू मील’ दिसलं की आपल्याला वाटतं तेच आपलं. त्यात बहुतेक ठिकाणी मांसाहार असतो, फक्त गोमांस नसतं. शाकाहारी हवं तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ सांगावं लागतं. लेकीनं तेच सांगितलं होतं, मला तसंच आलं, आणि त्यातल्या फळांच्या चार फोडी आणि दही एवढंच माझ्या उपयोगाचं होतं. भात आणि राजमा आजींनी संपवला. मी माझे लाडू आणि खजूर.

आता जे सांगायचं होतं ते. त्या विमानाच्या खिडकीला झडप नसते. खाली एक बटण असतं, ते दाबत गेलं की काच आपली आपण निळी निळी होत जाते. दोन तासांनी सगळ्या काचा काळसर निळ्या झाल्या, दिवे बंद झाले, खोटी रात्र केली आणि सगळे झोपले. माझ्या काचेत सूर्य होता. निळ्या काचेतून बघितलेला, ग्रहणाच्या चष्म्यातून दिसतो तसा, एक फिकट गोळी.

मला झोप आली नाही. उपाशी पोटी येत नाही. समोरच्या पडद्यावर वेग होता, तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास. विमान तुर्कस्तानवरून, युरोपवरून वर वर सरकत उत्तरेकडं चाललं होतं. नकाशावर ही वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघितला तर तीच सरळ. वर्गात मी मोसंब्यावर दोरा ताणून दाखवायची. आणि मग माझ्या डोक्यात काठीच्या सावलीचं गणित सुरू झालं.

विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. २४ तासांनी भागलं तर तिथली जमीन तासाला साधारण १,६७० किलोमीटरनं पूर्वेकडं धावते आहे. पण वर जावं तसं वर्तुळ लहान होतं. ६० अंश उत्तरेला ते बरोबर निम्मं. म्हणजे तिथं जमिनीचा वेग ८३५. आणि मी त्याच ६० अंशाच्या आसपास, ९०० नं, उलट्या दिशेनं. पृथ्वी मला सूर्यापासून जेवढी दूर नेत होती, त्याच्या किंचित पुढंच विमान मला परत आणत होतं.

मी काचेवर, सूर्याच्या गोळीवर, बोटाचा ठसा उमटवला. गंमत म्हणून. तासाभरानं बघितलं, गोळी ठशालगतच. मधे विमान थोडं वळलं तेव्हा सरकली, पुन्हा आली. चार तास हेच. हातातलं घड्याळ मी भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं. त्यात दुपारचे साडेचार, साडेपाच, साडेसात वाजत गेले आणि खिडकीत तीच दुपार तशीच टांगलेली. फळ्यावर हे सगळं मी शिकवलं होतं, गुणाकार करून, दोन गुणांचा प्रश्न म्हणून. पोटात कावळे ओरडत असताना ते बघणं वेगळं. घड्याळात रात्रीचे साडेआठ झाले, तेव्हा विमान ग्रीनलंडच्या टोकाशी होतं. मी काच पांढरी केली. डोळे दिपले. खाली बर्फ होतं की ढग, ते सांगता येत नव्हतं. सोलापुरात आता गच्चीवर दोन खुर्च्या, हे आणि सासूबाई, पूर्वेला तोंड करून.

“इंका एंत सेपु?”

सहा बोटं दाखवली.

शिकागोला उतरले तेव्हा दुपारचे चार. फोन विमानतळाच्या वायफायला लावला तसा ह्यांचा निरोप आला, आठ चौतीसचा. “दिसला. सोडली. आईंनी पण. तुझं काय?” खाली फोटो. फोटोत काळोख आणि एक पांढरा ठिपका, तो चंद्र असावा.

खुर्ची यायला वेळ लागेल म्हणाले. आजींना न्यायला आलेल्या मुलापर्यंत त्यांना एकीनं नेलं. जाताना त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग मी वाट बघितली नाही. पायांना सांगितलं, चला. बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर पाढ्यासारखं लिहिलेलं होतं: बीओएम, एयूएच, ओआरडी, डीएसएम. ओआरडी कशासाठी, तर या विमानतळाचं जुनं नाव ऑर्चर्ड, म्हणजे फळबाग, त्याची ही खूण उरली आहे. आपल्या सोलापूरची एसएसई आहे. ती अजून कुणाच्या बॅगेवर बघायची राहिली आहे. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर न्यायला चालकाशिवाय चालणारी छोटी रेल्वे. तीत मी सगळ्यात पुढच्या काचेशी उभी राहिले, शाळेच्या सहलीतल्या मुलीसारखी.

मग सुख संपलं. सहाचं विमान सहा पन्नासला गेलं. मग सात वीस, मग सात चाळीस. फाटक दोनदा बदललं, दुसऱ्यांदा पार दुसऱ्या टोकाला. घोषणेतला एक शब्द मला कळत नव्हता, बोलणारी बाई तोंडात लिमलेटची गोळी धरून बोलत असावी असं वाटत होतं. खिडकीवरच्या पोराला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, बोर्ड बघा. तर बोर्ड बघितला. दर दहा मिनिटांनी उठून, कुर्डुवाडीला गाडीची वाट बघताना बघतो तसा. भारताच्या वेळेनं पहाटेचे चार वाजून गेले होते, पाय सुजून बूट घट्ट झाले होते, आणि समोरच्या दुकानातून गोड पावाचा, दालचिनीचा वास असा येत होता की त्याच्याविरुद्ध काहीतरी कायदा असायला पाहिजे. मी तीन वेळा जागा बदलली. तिन्ही वेळा वास मागोमाग आला.

एकदा मनात आलं. सोलापूरचा चंद्र कधीच उगवून वर चढला. तिथी तीच आहे. कोण बघतंय? बॅगेतला डबा मांडीवर घेतला, झाकणावर हात ठेवला. आणि मग तसाच परत ठेवला. भक्तीपेक्षा जिद्द जास्त होती त्यात, हे कबूल करते. एवढं अठ्ठावीस-एकोणतीस तास खेचलेलं गणित शेवटच्या पायरीला सोडून द्यायचं?

सात दहाला सूर्य मावळला. वही काढली. अबू धाबीच्या सूर्योदयापासून शिकागोच्या सूर्यास्तापर्यंत बावीस तास पाच मिनिटं. आपल्याकडं सप्टेंबरातला दिवस एरवी साडेबारा तासांच्याही आतला असतो.

डे मॉइनचं विमान एवढुसं. चढल्यावर पुढं पश्चिमेला केशरी पट्टा अजून शिल्लक होता, विमान त्याच्या मागं लागलेलं. पूर्वेचा चंद्र बघायचा म्हणून मी मान वळवून मागं बघायला लागले, आणि मला झोप लागली. अख्ख्या प्रवासातली पहिली झोप, नेमकी चंद्रोदयावर. चाकं टेकली तेव्हा जागी झाले.

एक बॅग आली, एक आली नाही. मेतकूट आणि दुपटी असलेली. फॉर्म भरला, दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली, काही हरवलं नाही. लेक दारात उभी होती. पोट केवढं झालं होतं तिचं! फोनवर कळत नाही. “आई, तू चालत आलीस?” हे तिचं पहिलं वाक्य.

बाहेर पार्किंगची इमारत मधे आली. चंद्र नाही. जावयांनी गाडी काढली, दोन वळणं घेतली, आणि घरं विरळ होऊन दोन्हीकडं मका लागला. आपल्याकडं रब्बीत मंगळवेढ्याकडं जावं तशी मैलोगणती ज्वारी असते, तसा इथं मका. डोक्याच्या वर गेलेला, पानं वाळायला लागलेला. त्याच्यावर, तुऱ्यांना जवळजवळ टेकून, तांबूस, एका बाजूनं झिजलेला.

“थांबवा हो गाडी,” मी म्हटलं.

रस्त्याकडेला उभी राहून बाटलीतल्या पाण्यानं अर्घ्य दिलं. हळद-कुंकू न आलेल्या बॅगेत. लेकीनं डब्यात तळणीचे पाच मोदक आणले होते. मी मोदक हातात घेते तोवर मागून आवाज आला, कडाड्. तिनं डबा उघडून भाकरी मोडली होती, अंधारातच चटणीचं पाकीट दातानं फाडत होती.

“अगं, मला आधी सोडू दे!”

“तू सोड की. मला कुठं उपवास आहे?”

पंचवीसपैकी तीन फुटल्या होत्या. मोजल्या मी. तेवढ्यात फोन वाजला. सोलापूर. सासूबाईंचा आवाज, फोन ह्यांनी त्यांच्या कानाशी धरलेला असणार, कारण मागून हे “मोठ्यानं बोल, मोठ्यानं” म्हणत होते.

“दिसला का गं?”

“दिसला, आई.”

“मग सोड की लवकर. इथं गुरुवारचं पाणी येऊन गेलं.”